अंजिराचे झाड आणि हलणारा दात



बैलबाजारात बैल घेताना शेतकरी आधी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. जनावराचे वय, त्याची ताकद आणि पुढची किती वर्षे ते कामाला येईल, हे सारे त्याच्या दातांवरून ठरते. पण हाच शेतकरी स्वतःच्या तोंडात मात्र वर्षानुवर्षे डोकावत नाही. हिरडीतून रक्त आले तर थुंकून टाकतो. दात हलू लागला तर "वय झाले" म्हणतो. आणि एक दिवस सगळेच दात हलू लागले की कुठल्यातरी शिबिरात जाऊन ते उपटून येतो.

या विषयावर लिहिण्याचे कारण आमच्याच एका चुकीत आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक आजी मिस्सानंतर आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "फादर, दात हलतात, तोंडाला वास येतो. पोरगा म्हणतो, सगळे काढून टाक. काय करू?" आम्ही विचार न करता म्हणालो, "काढून टाका आजी, एकदाचा त्रास संपेल." त्यांनी काढले. कवळी बसवली, पण खालची कवळी कधी नीट बसलीच नाही. पुढची सारी वर्षे त्यांनी डाळीत कुस्करलेल्या पोळीवर काढली. मक्याचे कणीस, हरभऱ्याचा हुळा, बाफले, सगळे सुटले. नंतर एका दंतवैद्यांशी बोलताना आमच्या लक्षात आले की त्या दातांपैकी काही दात नक्की वाचवता आले असते. निदान तपासून पाहायला हवे होते. तो सल्ला देण्याचा आम्हांला काही अधिकार नव्हता.

म्हणून आज एवढेच सांगायचे आहे: हलणारा दात म्हणजे मेलेला दात नव्हे. तो काढायचा की राखायचा, हे नीट तपासल्यावाचून ठरवू नये.

दाखला आपल्याला ठाऊक आहे

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपण उपवासकाळात ऐकतो. मळ्याचा मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, फळ मिळत नाही, तेव्हा तो झाड तोडायला सांगतो. माळी मात्र एका वर्षाची मुदत मागतो. तेवढ्या काळात तो झाडाभोवती खणणार आणि खत घालणार असतो. फळ आले तर उत्तम, नाही आले तर मग तोडावे, असे तो मालकाला विनवतो.

त्या माळ्याने तीन गोष्टी केल्या. त्याने घाई टाळली. नुसती दया न दाखवता मुळाशी काम करण्याची तयारी दाखवली. आणि सगळे करूनही जमले नाही तर तोडावे लागेल, हेही त्याने मान्य केले. हिरड्यांच्या वाढलेल्या आजारात दात वाचवण्याचे शास्त्र नेमके असेच आहे.

दात कशाने धरलेला असतो

दात हिरडीत रोवलेला असतो असे आपल्याला वाटते. खरे पाहता त्याला धरून ठेवते ते जबड्याचे हाड. दाताचे मूळ हाडाच्या खोबणीत असते आणि मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. हे तंतू दाताला चहूबाजूंनी ताणून धरतात. हिरडी ही वरची चादर आहे. निरोगी माणसात हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये एक ते तीन मिलिमीटर खोलीची फट असते, त्याहून जास्त नाही.

आता नाल्याच्या काठावरचे बाभळीचे झाड डोळ्यांपुढे आणा. दर पावसाळ्यात पाणी काठाची काळी माती थोडी थोडी नेते. झाड हिरवेच असते, कोणाला काही कळत नाही. एका वर्षी मुळे उघडी पडतात, पुढे झाड कलते, मग डुलू लागते. झाडाला रोग झालेला नसतो, त्याच्याखालची माती गेलेली असते. पायोरिया म्हणतात तो असाच. बहुतेक वेळा दात स्वतः धडधाकट असतो, किडलेलाही नसतो. त्याच्याभोवतीचे हाड झिजलेले असते.

हे हाड झिजते कसे? दातांवर रोज एक चिकट, पांढरट थर बसतो. त्यात असंख्य जंतू असतात. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला तर लाळेतील क्षार त्यात मुरून त्याचे दगडासारखे किटण होते. किटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर आणखी लवकर साचतो आणि हळूहळू हिरडीच्या खाली उतरतो. शरीर त्या जंतूंशी झगडते, हिरडी सुजते, लाल होते. हा झगडा वर्षानुवर्षे चालला की त्यातच तंतू तुटतात, हाड विरघळते, आणि ती एक-तीन मिलिमीटरची फट पाच, सहा, आठ मिलिमीटरची खोल खाच होते. तिथे ब्रश पोहोचत नाही, दातणही नाही.

सर्वांत वाईट गोष्ट अशी की हे सारे बहुधा दुखत नाही. किडलेली दाढ रात्रभर झोपू देत नाही, म्हणून माणूस डॉक्टरकडे धावतो. हिरडीचा आजार मुकाट्याने चालतो.

परीक्षा झालेल्या गोष्टी

या आजारावर झालेले तीन अभ्यास आपल्याला उपयोगी आहेत.

पहिला डेन्मार्कमधील ऑरहूस येथील, १९६५ साली प्रसिद्ध झालेला. हेराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात साफ करणे थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा साफसफाई सुरू केल्यावर सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसती हिरडी सुजलेली असेपर्यंत आजार पूर्ण परतवता येतो.

दुसरा आपल्या शेजारच्या श्रीलंकेतील. चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची तपासणी १९७० ते १९८५ या काळात वेळोवेळी करण्यात आली. त्यांना ब्रशची सवय नव्हती आणि दातांचे उपचारही मिळत नव्हते. त्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांचा आजार फार वेगाने वाढला, ८१ टक्के लोकांचा मध्यम गतीने, आणि ११ टक्के लोकांचा हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. म्हणून "माझ्या आजोबांनी कधी ब्रश पाहिला नाही, तरी त्यांचे सगळे दात शाबूत होते" हे म्हणणे खरे असू शकते. पण आपण त्या ११ जणांत आहोत की ८ जणांत, हे आरशात पाहून कळत नाही.

तिसरा अमेरिकेतील, १९७८ साली प्रसिद्ध झालेला. हिरड्यांच्या आजाराचे ६०० रुग्ण उपचारानंतर सरासरी २२ वर्षे नियमित देखरेखीखाली राहिले. त्यांपैकी ३०० जणांचा या आजारामुळे एकही दात गेला नाही. आणखी १९९ जणांचे एक ते तीन दात गेले. फक्त २५ जण असे होते की ज्यांचे दहा किंवा अधिक दात उपचार करूनही गेले. यातला शब्द 'नियमित' हा आहे. एकदा साफ करून घरी बसलेल्यांची ही गोष्ट नाही.

ओळखायचे कसे

दात घासताना किंवा पेरू चावताना रक्त येणे, सकाळी उशीवर लाळेत रक्ताची छटा दिसणे, तोंडाला न जाणारा वास, हिरडी खाली सरकून दात लांब दिसणे, पुढच्या दातांत नवीन फट पडणे किंवा ते बाहेर झुकणे, दातांत दरवेळी अन्न अडकणे, हिरडी दाबली असता पू येणे, आणि दात हलणे, ही लक्षणे आहेत. शेवटची दोन आली की आजार पुष्कळ पुढे गेला आहे असे समजावे.

येथे दोन इशारे देतो. जो माणूस विडी-सिगारेट ओढतो त्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे त्याला सारे ठीक वाटते आणि आतून हाड जात राहते. दुसरा इशारा धार जिल्ह्यातील बांधवांसाठी. आपल्याकडील अनेक गावांत ट्यूबवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावे, दीड मिलिग्रॅमच्या वर तर मुळीच असू नये. लहानपणी असे पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. ते डाग दाताच्या घडणीतच असतात. घासून जात नाहीत आणि किटणही नव्हेत. काही जण ते काढण्यासाठी वाळू, विटेची पूड, कोळसा घासून हिरड्या सोलून घेतात. तसे करू नका. उलट काही जण "आमच्या गावचे पाणीच असे" म्हणून खऱ्या किटणाकडे आणि रक्ताकडेही दुर्लक्ष करतात. तेही चुकीचे. डाग पाण्याचा की किटण, हे दंतवैद्य क्षणात सांगतात. पाण्याची तपासणी मात्र गावाने मिळून करून घ्यावी, विशेषतः लहान मुलांसाठी.

दंतवैद्य काय करतात

पुष्कळांना वाटते की दातांचा डॉक्टर म्हणजे दात काढणारा. हिरड्यांच्या आजारात त्याचे पहिले काम मोजण्याचे असते. खुणा केलेली एक बारीक सळई तो प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच उतरवून फट किती खोल आहे ते पाहतो. मग एक्स-रे काढून हाड किती उरले आहे ते पाहतो. पेरणीपूर्वी जमीन पाहावी तसेच हे आहे. या दोन गोष्टी न करता कोणी "सगळे काढा" म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या.

दुसरे काम खणण्याचे. वरवरचे किटण काढून भागत नाही. बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन हिरडीखालचे किटण काढतात आणि मुळाचा पृष्ठभाग स्वच्छ करतात. हे काम दोन ते चार खेपांत होते. मूळ स्वच्छ झाले की हिरडी त्याला पुन्हा चिकटून बसू लागते, सूज उतरते, खाच उथळ होते, आणि थोडा हलणारा दात पुष्कळदा घट्ट होतो.

सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजतात. ज्या जागी खाच खोलच राहिली असेल तेथे हिरडीची लहान शस्त्रक्रिया करतात. हिरडी बाजूला करून मुळे डोळ्यांनी पाहून साफ करतात आणि टाके घालतात. हाडात विहिरीसारखा खोल, अरुंद खड्डा पडला असेल तर तेथे हाडाचा भुगा भरून काही भाग परत मिळवता येतो. पण हाड सगळीकडे सारखेच खाली गेले असेल तर ते पुन्हा वर येत नाही. वाहून गेलेली माती परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते. फार हलणारे पुढचे दात शेजारच्या दातांशी बारीक तारेने आणि दाताच्या रंगाच्या मसाल्याने बांधून देतात, म्हणजे चावताना जोर वाटला जातो.

तिसरे काम राखणीचे. उपचार झाल्यावर दर तीन महिन्यांनी तपासणी व साफसफाई करावी लागते. पुढे डॉक्टर सांगतील तसे अंतर वाढते. साफ केलेल्या खाचांत जंतू काही आठवड्यांत पुन्हा वस्ती करू लागतात. निंदणी एकदा करून कोणी पीक काढत नाही.

कोणता दात वाचत नाही

येथे खरे बोलले पाहिजे. जो दात दाबला असता वर-खाली होतो, ज्याच्या मुळाच्या टोकापर्यंत हाड गेले आहे, ज्याचे मूळ उभे चिरले आहे, किंवा जेथे उपचारानंतरही वारंवार पू होतो, तो दात काढावा लागतो. दाढांना दोन-तीन मुळे असतात. त्या मुळांच्या फाट्यात आजार शिरला तर तेथे साफ करणे कठीण जाते, म्हणून पुढच्या दातांपेक्षा दाढा आधी जातात. अशा दाताला उगाच धरून ठेवले तर तो शेजाऱ्याचेही हाड खातो. माळ्यानेही शेवटी तोडण्याची तयारी ठेवली होती. पण दोन दात काढणे वेगळे आणि अठ्ठावीस काढणे वेगळे.

कारण कवळी ही दाताची जागा पूर्णपणे घेत नाही. सगळे दात काढले की जबड्याचे हाड वर्षानुवर्षे आक्रसत जाते आणि कवळी सैल होते. खालच्या जबड्यात तर ती जिभेबरोबर उचलली जाते. तोंडात चार-सहा भक्कम दात राखले तरी अर्धी कवळी त्यांचा आधार घेऊन नीट बसते. म्हणून प्रत्येक राखलेल्या दाताला किंमत आहे.

देवासकरांना याचे वेगळे उदाहरण द्यायला नको. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. आजाराने त्यांचे एक फुफ्फुस निकामी केले. गाणे बंद झाले. औषधोपचाराने बरे झाल्यावर ते उरलेल्या बळावर पुन्हा गायला बसले आणि १९९२ साली देवासलाच देह ठेवीपर्यंत गात राहिले. गेलेले परत आले नाही, पण उरलेल्याची निगा राखली गेली.

आपल्यातले गैरसमज

"दात साफ केले की ते हलायला लागतात." हा गैरसमज घरोघरी आहे. खरे असे की हाड आधीच गेलेले असते आणि किटणाचा गिलावा दातांना एकमेकांत जखडून ठेवतो. गिलावा काढला की दात मोकळा वाटतो, फटी दिसतात, थोडे दिवस थंड पाणी झोंबते. मोडकळीस आलेल्या भिंतीचे लिंपण काढल्यावर तडे दिसतात, ते तडे लिंपण काढणाऱ्याने पाडलेले नसतात.

"वरचा दात काढला की नजर जाते." दाताच्या नसा आणि डोळ्यांची नजर यांचा असा संबंध नाही. या भीतीने पू झालेला दात वर्षानुवर्षे ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

"रक्त येते म्हणून घासणे बंद केले." रक्त येते ते तेथे घाण साचली आहे म्हणून. मऊ ब्रशने हलक्या हाताने घासतच राहावे.

"मिसरी लावली की ठणका थांबतो." मिसरी, गुल, खैनी, गुटखा, सारे तंबाखूच आहे. तिने जागा थोडी बधिर होते, एवढेच. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आणि बरे होण्याची शक्ती कमी होते, म्हणून तंबाखू न सोडणाऱ्याला उपचाराचा गुण कमी येतो. शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या आणि लोक त्या हातावर एकत्र करून खाऊ लागले. कायद्याला फसवता येते, हिरडीला नाही.

"बाजारात बसणारा दातवाला स्वस्तात पक्के दात लावून देतो." तो शेजारच्या दातांवर मसाला ओतून खोटा दात चिकटवतो. खाली घाण साचते आणि चांगले दातही हलू लागतात. आठवडी बाजारातून भाजी आणावी, दात आणू नयेत.

"सूज आली की मेडिकलमधून गोळी आणतो." गोळीने सूज उतरते, किटण जागेवरच राहते. सूज पुन्हा येते.

साखरेचा आजार आणि गरोदरपण

मधुमेह असणाऱ्यांना हिरड्यांचा आजार लवकर होतो आणि लवकर वाढतो. उलट बाजूने, हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात राहणे कठीण जाते. हिरड्यांवर नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांच्या रक्ततपासणीत साखरेचा सरासरी आकडा, ज्याला एचबीए१सी म्हणतात, सुमारे ०.४ ने उतरलेला आढळला आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी दंतवैद्याला ते आधी सांगावे. आणि ज्यांच्या हिरड्या अकारण वारंवार सुजतात त्यांनी एकदा साखर तपासून घ्यावी. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा हृदयाची झडप बदललेली असेल तर तेही सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

गरोदर भगिनींच्या हिरड्या पटकन सुजतात व रक्त येते. ते स्वाभाविक म्हणून सोडून देऊ नये. दात साफ करून घेणे गरोदरपणातही सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना त्याला अधिक सोयीचा.

घरी करायचे काम

डॉक्टरचे काम वर्षातून चार दिवसांचे, घरचे काम रोजचे. मऊ ब्रश घ्यावा. त्याचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरून हलक्या हाताने, सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटे घासावे. रात्रीचे घासणे कधी चुकवू नये. आमच्याकडे बहुतेक लोक सकाळीच घासतात आणि जंतूंना सारी रात्र मोकळी मिळते. ब्रशचे केस वाकले की, किंवा तीन महिन्यांनी, नवा घ्यावा. लहान मुलांना पेस्ट वाटाण्याएवढी किंवा त्याहून कमी द्यावी व ती गिळू देऊ नये.

कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातण वाईट नाही. टोक नीट चावून मऊ करावे आणि हिरडी खरवडू नये. पण दातण दोन दातांच्या मध्ये जात नाही, आणि आजाराची सुरुवात बहुधा तेथेच होते. ज्यांच्या दातांत फटी पडल्या आहेत त्यांनी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा लहानसा ब्रश वापरावा. तो फटींसाठीच मिळतो. आपल्या फटीच्या मापाचा कोणता ते डॉक्टर सांगतात. दात काढण्यापेक्षा हा ब्रश स्वस्त पडतो. काडी, टाचणी, सुई मात्र तोंडात घालू नये.

कोमट पाण्यात थोडे मीठ घालून चूळ भरल्याने आराम वाटतो, पण किटण निघत नाही. क्लोरहेक्सिडीनचे औषधी पाणी डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, बहुधा दोन आठवडे, वापरावे. जास्त दिवस वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात.

कोठे जावे

जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात आधी दाखवावे. आजार वाढलेला असेल तर इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते १९६१ साली सुरू झाले. तेथे हिरड्यांच्या आजाराचा स्वतंत्र विभाग आहे. देवासहून इंदूर तासाभराचे, धारहून थोडे अधिक. सोयाबीन निघून गहू पेरून झाला की आपल्याला थोडी सवड मिळते. ती या कामाला द्यावी. खेपा तीन-चार होतील, मध्येच सोडू नये. ठणका थांबला म्हणजे काम झाले असे नाही.

९ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा संत अपोलोनियाचे स्मरण करते. इ.स. २४९ मध्ये अलेक्झांड्रिया शहरात जमावाने तिचे दात पाडले, तरी तिने श्रद्धा सोडली नाही. दातांच्या दुखण्यात लोक तिची मध्यस्थी मागतात. आपणही मागू या. पण तिचे दात इतरांनी हिसकावून घेतले. आपले आपण निष्काळजीपणाने घालवले तर त्याला हौतात्म्य म्हणता येणार नाही. शरीर हे देवाने सांभाळायला दिलेले वतन आहे. त्याचा हिशेब शेताच्या हिशेबाइतकाच द्यावा लागेल.

येत्या रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी प्रत्येकाने उजेडात आरसा धरून आपल्या हिरड्या पाहाव्यात. रक्त, पू, नवी फट किंवा हलणारा दात दिसला तर त्याच आठवड्यात दंतवैद्य गाठावा. घरातल्या आजी-आजोबांचे तोंडही पाहा. ते स्वतः बोलणार नाहीत, भाकरी पाण्यात भिजवून खातील. आणि कोणी तुम्हांला "सगळे काढून टाका" म्हणाले, मग ते आम्ही का असेना, तर त्याला अंजिराच्या झाडाची आठवण करून द्या आणि एका वर्षाची मुदत मागा. मात्र ते वर्ष खणण्यात आणि खत घालण्यात गेले पाहिजे.